हाताला पडलेला प्रश्न

तुमच्यापैकी कितीतरी जण एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात. काही जण पुढे कलाशाळेतही जातील. तेथे संशोधन करायला सांगितले, तर तुम्ही काय कराल? बहुतेक जण कोठून तरी चार पाने उतरवून काढतील, चित्रे चिकटवतील आणि वहीला छान कव्हर घालतील. माझ्या मते हे संशोधन नव्हे. कलेच्या विद्यार्थ्याने संशोधनाची सुरुवात हातांनी करावी.

अजिंठ्याचेच पाहा. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ साली विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेले. मध्ये खंड पडत हे काम १८८५ पर्यंत चालले. अंधाऱ्या लेण्यांत बसून त्यांनी भिंतींवरील चित्रांच्या नकला केल्या. नक्कल म्हटली की आपण नाक मुरडतो. पण नक्कल करणाऱ्याला प्रत्येक रेषेपाशी थांबून पाहावे लागते. पुढे यांतील पुष्कळ नकला लंडनमध्ये आगीत जळाल्या. ज्या वाचल्या, त्या अभ्यासकांना आजही उपयोगी पडतात.

तुम्हांला लेण्यांत जाण्याची गरज नाही. दोन कौले घ्या. एकावर नुसती चिकणमाती लिंपा, दुसऱ्यावर भाताचा तूस मिसळलेली. वाळल्यावर पहिलीला जास्त भेगा पडतील. का? आता पुस्तक उघडा. अजिंठ्याच्या कारागिरांनी गिलाव्यात तूस आणि वनस्पतींचे तंतू का घातले, ते लगेच कळेल.

मग रंग करा. गेरू, चुना आणि काजळ सहज मिळतात. डिंकाच्या पाण्यात ते कालवता येतात. पण निळा कोठून आणाल? उर्दूतला 'लाजवर्दी' हा शब्द तुम्हांला ठाऊक आहेच. लाजवर्द हा निळा दगड अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींत सापडतो आणि अजिंठ्याच्या काही चित्रांत तो वापरलेला आहे. तो वाघूर नदीच्या दरीपर्यंत कोणत्या वाटांनी आला असेल? पाहा, चित्रकलेच्या तासाला इतिहास आणि भूगोल दोन्ही आले!

यावर कोणी म्हणेल, पस्तीस मिनिटांच्या तासात हे कसे जमणार? खरे आहे, जमणार नाही. म्हणून दोन तास जोडून द्यावेत. शिवाय परीक्षकांनी चित्राआधी नोंदवही मागावी. कोणत्या तारखेला काय मिसळले, किती मिसळले, काय बिघडले आणि कोणाला विचारले, हे तिच्यात असावे. तिच्या पानांना गेरूचे डाग लागलेले असले, तरी गुण कापू नयेत.