कुणाचा पियानो?

यमन ऐकतेय म्हटलं की आपल्याकडे लगेच विचारतात, कुणाचा? भीमसेनांचा की किशोरीताईंचा? राग तोच, पण गाणाऱ्याचं नाव कळल्याशिवाय गप्पा पुढे सरकत नाहीत. मग फोनवर ‘शांत पियानो’ लावून दोन-दोन तास बसणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना मी ‘कुणाचा?’ असं विचारलं की ते मी खुळी असल्यासारखं का बघतात?

ॲप उघडलं की रांगच लागलेली असते. अभ्यासासाठी पियानो. झोपेसाठी पियानो. पावसासोबत पियानो. (खिडकीबाहेर खरा पाऊस कोसळत असताना कानात रेकॉर्ड केलेला पाऊस कशाला, हे मला जुलैत तरी कुणी समजावून सांगावं.) त्यात बाख येतो, शोपँ येतो, मध्येच तीन सुरांवर रेंगाळणारा कुणी अनोळखी येतो, आणि सगळे एकाच मऊपणाचे. बेटहोवनच्या ‘मूनलाइट’ सोनाटाची पहिली संथ मूव्हमेंट घेतात आणि तिसरी, जी अंगावर धावून येते, ती गाळतात. वाजवणाऱ्याचं नाव बारीक अक्षरांत, तेही तुम्ही शोधलंत तर.

यावर ठरलेलं उत्तर येतं. बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ तरी झोप न येणाऱ्या एका काउंटसाठीच लिहिलेली ना? ही गोष्ट बाखचा चरित्रकार फोर्केल याने १८०२ मध्ये सांगितली, रचना छापून साठ वर्षं उलटल्यावर, आणि अनेक अभ्यासकांना ती पटत नाही. पण खरी धरली तरी नीट वाचा. जाग्या रात्री जरा बरं वाटावं म्हणून त्या काउंटला काहीतरी सौम्य पण थोडं खेळकर हवं होतं. झोपेचं औषध त्याने मागितलं नव्हतं.

आणि ग्लेन गूल्डने जून १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत ही व्हेरिएशन्स ज्या वेगाने वाजवली, ती ऐकून ज्याला झोप लागेल त्याने डॉक्टरला भेटावं. तीस व्हेरिएशन्स, दोन्ही टोकांना तीच आरिया, आणि सगळं चाळीस मिनिटांच्या आत. १९८१ मध्ये त्याने तीच रचना पुन्हा रेकॉर्ड केली तेव्हा पन्नासहून जास्त मिनिटं लागली. सुरुवातीची आरिया इतकी संथ की पुढचा सूर येतोय की नाही, अशी धास्ती वाटते. पुढच्या वर्षी, पन्नाशी गाठल्यावर काही दिवसांतच, तो गेला. दोन्ही वेळा तो वाजवता वाजवता गुणगुणतो. माझ्या स्वस्तातल्या इयरफोनवरही ते ऐकू येतं. शफलवर मात्र शेवटची आरिया सातव्या क्रमांकाला येऊन बसते. जो अजून घरातून निघालेलाच नाही, त्याच्या परत येण्याचं काय कौतुक?

मला शिष्ट म्हणणारे आहेत. म्हणोत. पण मी काही महागड्या स्पीकरसमोर डोळे मिटून बसत नाही. मी लोकलमध्ये, दाराजवळ उभी राहून ऐकते, आणि अनुभवाने सांगते की प्रवासात जुनी रेकॉर्डिंग्ज जास्त कामाला येतात. आजच्या डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर इतकं असतं की हळू भाग गाडीच्या खडखडाटात बुडतो, म्हणून आवाज वाढवावा तर पुढे कानठळ्या. जुन्या तबकड्यांमध्ये तेवढं अंतर मावायचंच नाही. आर्टुर श्नाबेलने १९३२ ते १९३५ दरम्यान लंडनमध्ये बेटहोवनच्या बत्तीसही सोनाटा रेकॉर्ड केल्या, त्या खरखरीसकट ट्रेनमध्ये स्पष्ट ऐकू येतात. ‘हॅमरक्लाव्हियर’च्या सुरुवातीला तो बेटहोवनने लिहिलेला अशक्य वेग गाठायला जातो आणि अडखळतो. ते अडखळणं मला बिनचूक वाजवणाऱ्या दहा जणांपेक्षा प्रिय आहे.

पण माझं खरं भांडण आहे ते दिनू लिपातीसाठी. नाव आपल्या गल्लीतल्या दिनूसारखं, माणूस रुमानियाचा. १६ सप्टेंबर १९५० ला फ्रान्समधल्या बेझांसाँ गावी तो वाजवायला बसला तेव्हा हॉजकिन्सच्या आजाराने पार खचला होता. बाख, मोझार्ट, शूबर्ट झाले. मग शोपँचे चौदा वॉल्ट्झ. तेरा वाजवले, चौदाव्याला ताकद उरली नाही. दोन डिसेंबरला तो गेला. वय तेहेतीस. रेकॉर्डिंग ऐका, त्यात रडगाणं कुठेही नाही. वॉल्ट्झ हलके, चपळ, क्वचित खोडकरसुद्धा. हे माहीत असताना त्यातला एक वॉल्ट्झ उचलून ‘ताण घालवा’ या मथळ्याखाली, पावसाच्या आवाजाला चिकटवून ऐकवायचा? आपल्या कुठल्या गायकाची शेवटची मैफल आपण अशी वापरू दिली असती?

‘निदान लोकांपर्यंत पोचतंय ना?’ असं विचारतात. काय पोचतंय? आठवडाभर ऐकूनही वाजवणाऱ्याचं नाव सांगता येत नसेल, तर त्याच्यापासून तुमच्यापर्यंत काहीही आलेलं नाही.

आज घरी जाताना करून बघा. शफल बंद. एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी ती क्रॉसफेडची सोयही बंद. शोधा : दिनू लिपाती, बेझांसाँ, १९५०. बाख सुरू होण्याआधी काही सूर ऐकू येतील, ते पुढे ढकलू नका. तो हात मोकळे करतोय.