फौजदारी खटल्याचा कागद आपल्या घरीं पाहिजे

खेड्यांतील माणूस कोर्टाच्या पायरीला भितो, हें सर्वांस ठाऊक आहे. पण तो कोर्टापेक्षांही कोर्टाच्या कागदाला अधिक भितो, हें फारसें कोणी बोलत नाहीं. बांधावरून दोन भाऊबंदांत काठ्या चालल्या, गुन्हा नोंदला गेला, आरोपपत्र गेलें आणि मग पांच-सात वर्षें तारखा पडत राहिल्या. या साऱ्या काळांत खटल्याचा नंबर काय, हें त्या घरांत कोणालाच सांगतां येत नाहीं. विचारलें तर उत्तर मिळतें, "वकीलसाहेबांना माहीत आहे," किंवा "कोर्टांतला एक माणूस आहे, तो सगळें बघतो." सातबाराचा उतारा पेटींत जपून ठेवणारे आमचे शेतकरी बांधव आपल्या पोराचा तुरुंग ज्या कागदावर ठरतो, तो कागद मात्र परक्याच्या हातीं देऊन मोकळे होतात. हें आम्हांस बरें दिसत नाहीं.

हें दुखणें आजचें नव्हे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हां त्यांनीं मुख्यतः हात घातला तो खतांवर आणि रोख्यांवर. अंगठा आपला आणि कागद दुसऱ्याच्या पेटींत, या स्थितीला ते विटले होते. पुढें १८८३ सालीं जोतीराव फुल्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून, अक्षरशून्य कुणबी कचेऱ्यांतून कसा नागवला जातो तें चव्हाट्यावर मांडलें. पण सावकाराचा रोखा खाजगी होता. फौजदारी कोर्टाचें तसें नाहीं. तें कायद्यानेंच उघडें न्यायालय आहे. न्यायाधीशानें खास कारणानें मनाई केली नसेल तर जागा असेल तोंवर तेथें कोणीही जाऊन बसावें. त्याचें दप्तर आरोपीला, फिर्यादीला आणि निकालाची झळ ज्याला लागते त्याला रीतीप्रमाणें मागतां येतें.

आतां कामाचें बोलूं. प्रकरणाचा जन्म बहुधा पोलीस ठाण्यांत होतो, म्हणून पहिला कागद तेथला. गुन्हा रजिस्टर नंबर, ठाण्याचें नांव आणि साल, या तीन गोष्टी गुन्हा नोंदला त्याच दिवशीं घरच्या वहींत लिहून ठेवाव्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणें फिर्याद देणाऱ्याला किंवा पीडिताला प्रथम खबरीची प्रत फुकट मिळाली पाहिजे. 'झेरॉक्सचे पैसे' म्हणून कोणी हात पुढें केला तर ते द्यावयाचे नाहींत. तपास कोठवर आला, हेंही पोलिसांनीं नव्वद दिवसांच्या आंत फिर्यादीला कळविलें पाहिजे. आरोपीच्या घरच्यांचाही हक्क आहेच. सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं हुकूम केला कीं, नाजूक गुन्हे वगळून बाकीच्या प्रथम खबरी चोवीस तासांत, आणि दूरच्या मुलखांत फार तर बहात्तर तासांत, इंटरनेटवर लावाव्या, आणि आरोपीनें अर्ज केल्यास त्याला प्रत द्यावी. स्त्रियांवरील अत्याचाराच्या आणि मुलांच्या प्रकरणांतील कागद झांकून ठेवले जातात, तें योग्यच आहे. तेथें उगीच डोकावूं नये.

तपास संपला कीं दोन वाटा फुटतात; एक आरोपपत्राची, दुसरी समरीची. अ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सांपडला नाहीं. ब समरी म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. क समरी म्हणजे खरीही नाहीं, खोटीही नाहीं, समजुतीचा घोटाळा. गरिबाच्या फिर्यादीवर ब समरी जावी आणि त्याला वर्षभर पत्ताच नसावा, हें होतां कामा नये. न्यायालयानें असा अहवाल मान्य करण्यापूर्वीं फिर्यादीला आपलें म्हणणें मांडण्याची संधि द्यावी, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालींच ठरविलें आहे. तेव्हां नोटीस आली तर ती चुलींत घालूं नका.

आरोपपत्र न्यायालयांत गेलें कीं नंबर बदलतो, आणि येथेंच आमचीं माणसें फसतात. ठाण्याचा नंबर वेगळा, कोर्टाचा वेगळा. तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढें नेहमीचा खटला 'आर. सी. सी.' म्हणून चढतो, किरकोळ खटला 'एस. सी. सी.' म्हणून. खुनासारखें प्रकरण सत्र न्यायालयाकडे पाठविलें म्हणजे पुनः नवा नंबर पडतो, आणि जामिनाच्या अर्जाला तर तिसराच. जामिनाचा नंबर धरून खटला शोधणारा मनुष्य दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आणि संध्याकाळच्या एस. टी. नें तसाच परत येतो. यावर आतां एक उपाय आहे. कोर्टांत चढलेल्या प्रकरणाला सोळा अक्षरांकांचा सी. एन. आर. नंबर मिळतो, महाराष्ट्रांतला असेल तर सुरुवातीस 'एम एच' आणि शेवटीं साल. तो ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर किंवा मोबाईलवरील ॲपमध्यें घातला कीं पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालें, आणि चढविला असेल तर हुकूमही फुकट दिसतो. प्रकरण वरच्या न्यायालयांत गेलें तर तेथला नंबर निराळा मागून घ्यावा. ही तारीख कळणें ही लहान गोष्ट नव्हे. तारीख चुकली कीं वॉरंट निघतें, आणि ऐन पेरणींत कर्ता माणूस पकडून नेतात.

नंबर हातीं नसेल तर ठाणें, गुन्हा नंबर आणि साल घालून शोधतां येतें. नांवावरूनही येतें, पण त्यांत मेख आहे. नांवें बहुधा इंग्रजी अक्षरांत चढविलेलीं असतात, आणि चढविणाऱ्याची जशी मर्जी तसें स्पेलिंग. आमचा ज्ञानेश्वर एका कचेरींत 'डी'नें सुरू होतो, दुसरींत 'जी'नें. एका स्पेलिंगनें सांपडला नाहीं म्हणून खटलाच नाहीं असें समजूं नये. घरांत शाळेंत जाणारी मुलगी असेल तिला हें काम अर्ध्या तासांत येईल. जेथें कोर्टाच्या आवारांत ई-सेवा केंद्र आहे तेथें विचारावें.

मात्र मोबाईलवरचा कागद पाहण्यापुरता. दुसऱ्या कचेरींत मानला जातो तो सही-शिक्क्याच्या नकलेचा कागद. त्यासाठीं ज्या न्यायालयांत खटला चालला तेथील नक्कल विभागांत अर्ज करावा. खटल्याचा नंबर, साल, पक्षकारांचीं नांवें आणि कोणता कागद पाहिजे तें लिहावें, कोर्ट फीचें तिकीट लावावें आणि अर्जाची पोंच घ्यावी. आरोपपत्र आणि त्यासोबतचे जबाब यांच्या नकला आरोपीला तो कोर्टांत हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आंत फुकट मिळाल्या पाहिजेत. कैदेची शिक्षा झाली तर निकालाची प्रत तेथल्या तेथें फुकट द्यावयाची आहे. शिक्षेवर सत्र न्यायालयांत अपील करण्यास तीसच दिवस असतात. नक्कल तयार होण्यास लागणारे दिवस त्यांतून वगळतात, पण अर्जच उशिरां केला तर काय वगळणार? ज्याचा खटल्याशीं संबंध नाहीं त्यानें नक्कल मागितली तर कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज येथें चालत नाहीं. नक्कल कोर्टाच्या नियमांनींच घ्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निर्णय आहे. या वाटेनें शेजाऱ्याची जुनी भानगड उकरून गांवभर फिरविण्याची हौस कोणास असेल तर त्याला आमचा पाठिंबा नाहीं.

सर्वांत अधिक नुकसान होतें तें सुटलेल्या माणसांचें. निकाल लागला, "निर्दोष" हा शब्द कानांवर पडला, पेढे वाटले आणि कागद तेथेंच राहिला. पुढें मुलगा पोलीस भरतीला उभा राहतो. चारित्र्य पडताळणींत ठाण्याच्या वहींतून जुना गुन्हा वर येतो, आणि पुढें काय झालें तें त्या वहींत पुष्कळदां लिहिलेलेंच नसतें. अशा वेळीं निकालाची नक्कल हातांत असेल तर तोंड उघडतां येतें. कांहीं पोरें भिऊन अर्जांत गुन्हा लपवितात. तें करूं नये. नोकरीच्या अर्जांत माहिती खरी द्यावी, आणि क्षुल्लक गुन्ह्याच्या बाबतींत नेमणूक करणाऱ्यानें तारतम्य वापरावें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं सांगितलें आहे. लपविलेलें उघडकीस आलें तर लागलेली नोकरीही जाऊं शकते. पारध्यांसारख्या ज्या जमातींच्या कपाळीं इंग्रजी राज्यानें जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्या घरीं तर ही नक्कल देवघरांत ठेवावी. तो कायदा १९५२ सालीं गेला, संशय गेला नाहीं. शिवाय जुन्या दप्तराचा कांहीं भाग नियमाप्रमाणें ठराविक मुदतीनंतर नष्ट करतात. वीस वर्षांनीं जाऊन मागूं म्हणाल तर मिळेलच असें नाहीं.

वकिलाची फी परवडत नाहीं म्हणून कोणी हात बांधून बसूं नये. १९८७ च्या विधि सेवा कायद्यानें स्त्रिया, अनुसूचित जाति-जमातींचे लोक, कोठडींत असलेले आणि कमी मिळकतीचे लोक यांना सरकारी खर्चानें वकील मिळतो. अर्ज तालुका विधि सेवा समितीकडे करावा; तिचा पत्ता कोर्टाच्या आवारांत कोणीही सांगेल, फक्त विचारतांना दलालाला विचारूं नका.

आणि आतां कोर्टवाल्यांना दोन शब्द. १९९८ सालीं सरकारनें जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरविली. असें असतां निकाल इंग्रजींत येतो आणि ज्याला शिक्षा झाली त्याला तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, हें कसें? आरोपीनें मागितल्यास निकालाचें भाषांतर त्याच्या भाषेंत, शक्य असेल तर, द्यावें असें कायद्याच्या कलम ४०४ मध्यें लिहिलेलें आहे. आमच्या वाचकांनीं तें अर्जांत कलमासह मागावें. पक्षकारांचीं नांवें यंत्रांत देवनागरींतही चढवावीं. आणि प्रत्येक तालुका न्यायालयाच्या नक्कल विभागाबाहेर मोठ्या मराठी अक्षरांत पाटी लावावी: अर्ज कोठें द्यावा, तिकीट कितीचें, पानाला पैसे किती, नक्कल किती दिवसांत. पाटीला खर्च फारसा नाहीं. ज्या तालुक्यांत ती नसेल तेथील मंडळींनीं दहा सह्यांचा अर्ज जिल्हा न्यायाधीशांकडे पाठवावा, आणि त्या अर्जाची पोंच घेण्यास विसरूं नये.