मार ना आता, मीटर चालू आहे!

पूल खेळलायत का कधी? बहुतेकांचं उत्तर 'हो' असणार. कॉलेजात लेक्चरला दांडी मारून, नाहीतर आता शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर. पूल पार्लरमध्ये टेबलाचं भाडं तासावर असतं. त्यामुळे ग्रुपमधला एखादा सिन्सियर मित्र क्यूला चॉक घासत, एक डोळा मिटून टेबलाभोवती प्रदक्षिणा घालायला लागला, की बाकीचे ओरडतात, "अरे, मार ना आता! मीटर चालू आहे!" जगातलं पहिलं शॉट क्लॉक म्हणजे ही आरोळीच असावी, असा माझा दाट संशय आहे.

गंमत म्हणजे प्रोफेशनल नाईन-बॉलमध्येही गेली चाळीसेक वर्षं हीच आरोळी ऐकू येतेय. फक्त तिथे ती मित्र मारत नाहीत. टीव्हीवाले मारतात, आयोजक मारतात, स्पॉन्सर मारतात आणि मग ती नियमांच्या पुस्तकात जाऊन बसते. मी रात्री उशिरापर्यंत या मॅचेस बघत बसणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे हा विषय माझ्या झोपेशी थेट निगडित आहे. पण तुमच्याशीही आहे. कसा, ते शेवटी सांगते.

आधी खेळ समजून घेऊ. आपण पार्लरमध्ये खेळतो तो बहुतेक वेळा एट-बॉल. तुझे पट्ट्यांचे, माझे प्लेन. नाईन-बॉलमध्ये बॉल फक्त नऊ. टेबलावर जो सगळ्यात लहान नंबर असेल, त्याला पांढरा बॉल आधी लागला पाहिजे. त्यानंतर कुठलाही बॉल पडला तरी चालतो. नऊ नंबरचा बॉल जो नियमात बसवून पाडेल, तो रॅक जिंकला. पंचवीस पॉइंट्स, पन्नास पॉइंट्स असला हिशोबच नाही. म्हणजे तुम्ही आठ बॉल सुंदर पाडलेत, नववा चुकलात आणि समोरच्याने तो टुक्कन ढकलला, तर रॅक त्याचा. ऑफिसमध्ये प्रेझेंटेशन तुम्ही केलं आणि शेवटची स्लाईड दुसऱ्याने दाखवली, तर टाळ्या कुणाला मिळतात? तसंच काहीसं.

टीव्हीच्या जमान्यात हा खेळ पुढे आला, त्याचं कारणच त्याचा वेग. त्याआधी अमेरिकेत मान होता तो 'स्ट्रेट पूल'ला. त्यात खेळाडू एकदा टेबलावर आला की पाडत बसायचा. विली मोस्कोनी या महान खेळाडूने 1954 साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड शहरात सलग 526 बॉल पाडले होते. अफाट कामगिरी! पण त्या दिवशी समोर बसलेल्याचा विचार करा. सिनेमातही हा बदल दिसतो. 1961 च्या 'द हस्लर'मध्ये पॉल न्यूमन स्ट्रेट पूल खेळतो आणि 1986 च्या 'द कलर ऑफ मनी'मध्ये टॉम क्रूझ नाईन-बॉल. पंचवीस वर्षांत न्यूमनचे केस पांढरे झाले आणि खेळ छोटा झाला.

पण नाईन-बॉलही सुरुवातीला इतका सुसाट नव्हता. जुन्या नियमांत एक पळवाट होती, तिचं नाव 'पुश आऊट'. अडचणीत सापडलात की कधीही पांढरा बॉल सोयीच्या जागी ढकलायचा आणि समोरच्याला म्हणायचं, "तू खेळतोस की मी खेळू?" मग दोघांची 'पहले आप' सुरू. त्यानंतर आले 'टेक्सास एक्स्प्रेस' नावाने ओळखले जाणारे नियम. पुश आऊट फक्त ब्रेकनंतरच्या पहिल्या शॉटला. आणि कुठलाही फाऊल झाला, की समोरच्याला 'बॉल इन हॅन्ड'. म्हणजे पांढरा बॉल हातात घ्या, टेबलावर हवा तिथे ठेवा आणि खेळा. नावाप्रमाणेच एक्स्प्रेस. एक चूक आणि रॅक गेला.

तरीही मॅचेस लांबायच्याच. 1996 साली हाँगकाँगमध्ये फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस आणि अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड यांची एक मॅच झाली. जो आधी 120 रॅक जिंकेल तो विजेता, बक्षीस एक लाख डॉलर. तीन दिवस खेळले दोघं! शेवटी रेयेस 120-117 असा जिंकला. म्हणजे 237 रॅकनंतर फरक फक्त तीनचा. ही झाली टेस्ट मॅच. आणि टी-ट्वेन्टी म्हणजे मोस्कोनी कप. युरोप विरुद्ध अमेरिका, 1994 पासून. मॅच फक्त पाच रॅकपर्यंत, प्रेक्षकांचा फुटबॉलसारखा आरडाओरडा आणि प्रत्येक शॉटला 30 सेकंदांचं घड्याळ. एका रॅकमध्ये एकदाच जास्तीचा वेळ मागता येतो. घड्याळ संपलं की फाऊल, आणि फाऊल म्हणजे समोरच्याला बॉल इन हॅन्ड. वर सांगितलंच आहे, त्याचा अर्थ बहुतेकदा रॅकला टाटा-बाय बाय.

आता तुम्ही म्हणाल, बरोबरच आहे की! हल्ली सगळीकडे घड्याळ आलंय. क्रिकेटमध्ये दोन ओव्हर्सच्या मध्ये 60 सेकंदांचं स्टॉप क्लॉक आलं, डिसेंबर 2023 मध्ये ट्रायल म्हणून आणि 2024 मध्ये वन-डे आणि टी-ट्वेन्टीसाठी कायमचं. अमेरिकन बेसबॉलने 2023 मध्ये पिचरवर घड्याळ लावलं आणि मॅचची सरासरी वेळ तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आली. कुणाचं काही बिघडलं नाही. मग पूलमध्येही लावा की सरसकट!

इथेच माझी गाडी थोडी अडते. बेसबॉल काय किंवा क्रिकेट काय, तिथे घड्याळाने कापला तो रिकामा वेळ. टोपी नीट करणं, ग्लोव्ह्ज सोडणं-बांधणं, फील्डरला उगाच चार पावलं डावीकडे हलवणं. पूलमध्ये खेळाडू टेबलाभोवती फिरत असतो, तेव्हा तो रिकामा नसतो. तो पुढच्या तीन-चार बॉल्सचा रस्ता मनात आखत असतो. रेयेसचा 1995 सालचा रीनोमधला शॉट आजही लोक पुन्हा पुन्हा बघतात. फायनलला समोर स्ट्रिकलंडच होता आणि त्याने पांढरा बॉल अशा जागी लपवला होता, की सरळ काही दिसतच नव्हतं. रेयेसने दोन कुशनांवरून इंग्रजी 'झेड' काढत बॉल पाडला. असला शॉट हातातून निघण्याआधी डोक्यात जन्मतो, आणि डोक्याला कधीकधी एकतिसावा सेकंद लागतो.

पण खरं सांगू? नाईन-बॉल कंटाळवाणा होतो तो सेकंदांमुळे नाहीच. त्याचं मूळ आहे ब्रेकमध्ये. आणि गेल्या पंचवीस वर्षांतले सगळ्यात इंटरेस्टिंग नियमबदलही तिथेच झालेत.

झालं असं. नऊ बॉल पत्त्यातल्या चौकटच्या आकारात रचतात. टोकाला एक नंबर, मधोमध नऊ. बॉल एकमेकांना अगदी चिकटून लागले असतील, तर ब्रेक मारल्यावर कडेचा बॉल, ज्याला 'विंग बॉल' म्हणतात, तो जवळजवळ ठरल्यासारखा कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये जातो. हे एकदा कळलं, की जोरात मारायची गरजच काय? 2001 च्या यू.एस. ओपनमध्ये कोरी ड्युएल या अमेरिकन पठ्ठ्याने हळुवार 'सॉफ्ट ब्रेक' मारायला सुरुवात केली. एक बॉल नेमाने पडायचा, बाकीचे छान सोप्या जागी येऊन थांबायचे. फायनलला समोर होता फिनलंडचा मिका इमोनेन, त्याच वर्षीचा वर्ल्ड चॅम्पियन. स्कोअर? 11-0. वर्ल्ड चॅम्पियनच्या खात्यात एकही रॅक नाही!

पुढे बॉल नीट लावायला पातळ प्लॅस्टिकची टेम्प्लेट्स आली. हेतू चांगलाच होता. त्याआधी खेळाडू वाकून-वाकून बॉलमधल्या फटी तपासत बसायचे, पुन्हा लाव म्हणायचे, वाद घालायचे. टेम्प्लेटने तो वेळ वाचवला. पण आता प्रत्येकाचाच रॅक घट्ट लागायला लागला आणि कडेचा बॉल प्रत्येकालाच मिळायला लागला. म्हणजे वेळ वाचवायला आणलेल्या वस्तूने खेळातली धाकधूकच कमी केली. ब्रेक, एक बॉल खाली, उरलेले आठ साफ. पुन्हा ब्रेक. त्यात 'विनर ब्रेक'चा नियम असेल, म्हणजे रॅक जिंकणाराच पुढचा ब्रेक मारणार असेल, तर समोरचा बसलाय खुर्चीत. पाणी पितोय, टॉवेल घडी करतोय, छताकडे बघतोय. 1996 साली डॅलसमध्ये सलग दहा रॅक साफ करणाऱ्याला दहा लाख डॉलर अशी ऑफर होती. स्ट्रिकलंडने ते करून दाखवलं! पण टेबलाला हातही न लावता हरणारा खेळाडू हा बघायला फार वाईट प्रकार असतो.

मग नियमवाल्यांनी डोकं लढवलं. एक, रॅक थोडा पुढे सरकवला. पूर्वी टेबलावरच्या ठिपक्यावर एक नंबरचा बॉल असायचा, आता तिथे नऊ नंबर. अंतर बदललं आणि विंग बॉलची गॅरंटी गेली. दोन, ब्रेक मारताना पांढरा बॉल मधल्या ठरावीक चौकोनातच ठेवायचा, कडेच्या सोयीच्या कोपऱ्यातून मारायचं नाही. तीन, काही स्पर्धांमध्ये ब्रेकनंतर किमान तीन बॉल एकतर पडले पाहिजेत, नाहीतर ब्रेकच्या बाजूच्या रेषेपलीकडे परत आले पाहिजेत. म्हणजे हळुवार टिचकी मारून भागणार नाही, मनगट वापरा. काहींनी तर वेगळा खेळच पुढे केला. 2008 मध्ये टेन-बॉलची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली. त्यात बॉल दहा आणि कुठला कुठे पाडणार, ते आधी सांगायचं. इंग्लंडचा डॅरेन अॅपलटन जिंकला.

आता या बदलांकडे नीट बघा. यातल्या एकानेही खेळाचा एक सेकंद वाचत नाही. उलट ब्रेक अवघड झाला की बॉल अडचणीत थांबतात, सेफ्टी वाढते, म्हणजे समोरच्याला शॉटच मिळू नये अशी लपवाछपवी वाढते. रॅकला वेळ जास्तच लागतो. आणि तरीही खेळ जास्त रंगतो! कारण खुर्चीतला माणूस उठून टेबलापाशी येतो. दोघंही खेळतात. 2024 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल फेडोर गोर्स्टने जिंकली 15-14 अशी आणि 2025 ची कार्लो बियाडोने 15-13 अशी, तीही गोर्स्टलाच हरवून. दोन्ही फायनल्स जेद्दामध्ये झाल्या. अशा मॅचला घड्याळ बघायची शुद्ध कुणाला असते?

माझं मत विचाराल, तर घड्याळ असू द्या. काही खेळाडू खरंच छळतात. एक सोपा बॉल, त्याला चार वेळा वाकणार, चार वेळा उठणार. त्यांना 30 सेकंदांची शिस्त हवीच. पण घड्याळ हा या खेळावरचा इलाज नाही, ती फक्त क्रोसिन आहे. इलाज ब्रेकवर करायचा. तो कधी ठरल्यासारखा होऊ द्यायचा नाही. खेळाडू नवी युक्ती काढणार, नियमवाले ती बुजवणार, पुन्हा खेळाडू नवी काढणार. हे भांडण चालू राहिलं पाहिजे. प्रेक्षक कंटाळतो तो वेळ लागतो म्हणून नाही, पुढे काय होणार हे आधीच कळतं म्हणून.

आता याचा तुमच्याशी संबंध. तुमच्या ऑफिसमध्ये कुणीतरी नक्कीच टाइमशीट भरायला लावतं. दर पंधरा मिनिटांत काय केलंत, लिहा. मीटिंग लांबली, की उपाय म्हणून मीटिंग छोटी करतात. पण ती कंटाळवाणी का असते? एकच माणूस ब्रेक मारतो आणि तोच सगळे बॉल पाडतो, बाकीचे आठ जण खुर्चीत. अर्ध्या तासाची केली, तर तोच माणूस अर्धा तास बोलणार. वेळ कापून काय होणार? ब्रेक बदला की!

हे बॉसला सांगायचं धाडस ज्याच्यात असेल, त्याने सांगावं. मी फ्रीलान्सर आहे, माझ्या टेबलावर मीच बॉस. मीटर मात्र माझंही चालूच असतं.