मुक्त संगणकाचा बाजारभाव

परवा आमच्या कडोलीतले एक पालक शाळेत आले. भाजीपाला पिकवणारे गृहस्थ; मुलगी यंदा बेळगावच्या कॉलेजात गेली आहे. म्हणाले, "सर, पोरीला लॅपटॉप घ्यायचा हाय. स्वस्तातला सांगा, पण चोरीचा नको." मी चमकून पाहिले, तेव्हा त्यांनी खुलासा केला की चोरी यंत्राची नव्हे, आतल्या विंडोजची, दुकानदार ती पैसे न घेता घालून देतो म्हणतो. मी अंमळ ओशाळलो. पूर्वी मी ज्या शाळेत होतो, तेथील संगणकांवर कित्येक वर्षे तशीच प्रत नांदत होती आणि त्याच खोलीत आम्ही मुलांना प्रामाणिकपणाचे धडे देत होतो.

यावर तोड म्हणजे मुक्त आज्ञावली. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या चळवळीची घोषणा केली. अशी आज्ञावली कोणीही वाचावी, बदलावी, तिची प्रत शेजाऱ्याला द्यावी, विकावीसुद्धा. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात फुकट आणि स्वतंत्र हे दोन्ही अर्थ कोंबलेले असल्याने त्यांना जन्मभर खुलासे करावे लागले. आपल्याकडे 'मोफत' आणि 'मुक्त' हे शब्द मुळातच वेगळे आहेत. शिवाय सीमाभागातल्या आपणांस यात एक स्वार्थही आहे. कंपनी एखादी भाषा आपल्या यंत्रात घेते ती गिऱ्हाईक मोजून; मुक्त आज्ञावलीत मात्र कोणाच्याही परवानगीवाचून मराठी आणता येते, आणि कन्नडही.

मग अशीच यंत्रे स्वस्तात का विकू नयेत? हा प्रयोग आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतनजीकच्या खैराट या खेड्यातील एकशिक्षकी शाळेत, निकोलस निग्रोपॉन्टे यांच्या योजनेतले हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांच्या हाती आले. आत लिनक्स होते आणि पडदा भर उन्हातही वाचता येई. किंमत शंभर डॉलर ठरली होती. प्रत्यक्षात ती १८० डॉलरांच्या वर गेली. आज्ञावली फुकट असली तरी पडदा, बॅटरी आणि स्मृती फुकट मिळत नाहीत, आणि लाखांनी मागणी नोंदवल्याखेरीज त्या स्वस्तही होत नाहीत. उरुग्वेच्या सरकारने ती मागणी नोंदवली आणि २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला यंत्र दिले. आपल्या केंद्रीय शिक्षण खात्याने २००६ मध्येच नकार कळवला होता.

दुसरी अडचण सोवळ्याची आहे. 'केवळ मुक्त' हा शब्द काटेकोरपणे पाळायचा, तर बिनतारी जाळ्याच्या चकतीतही कंपनीची बंद आज्ञावली चालत नाही. या एका कारणावरून स्टॉलमन यांनी निग्रोपॉन्टे यांच्या यंत्रातही खोट काढली होती! नव्या इंटेल यंत्रांच्या पोटात तर एक स्वतंत्र बंद यंत्रणाच बसवलेली असते. म्हणून कडक सोवळे पाळणारे लोक २००६ च्या सुमारासचे जुने थिंकपॅड शोधून, त्यांतली चकती बदलून विकतात. धंदा होतो, पण हातावर मोजण्याइतका. डेबियनसारख्या निष्ठावंत संघानेही २०२२ मध्ये मतदान घेऊन या बाबतीत सोवळे सैल केले. मला त्यात पाप दिसत नाही.

खरा प्रश्न मला विक्रीनंतरचा वाटतो. केरळातील सरकारी शाळांत २०१९ साली दोन लाखांवर संगणक मुक्त प्रणालीवर चालत होते, ते शिक्षकांना आधी तयार केले म्हणून. आमच्याकडे यंत्र अडले की मूल दुकानात जाते, आणि दुकानदाराला लिनक्स ठाऊक नसल्याने तो चोरीची प्रत घालून मोकळा होतो. तेव्हा लॅपटॉप विकणाऱ्याने नफा यंत्रात न शोधता दुरुस्तीत आणि शिकवण्यात शोधला, तरच हे दुकान चालेल.

त्या पालकांना मी एका कचेरीने काढून टाकलेला जुना लॅपटॉप घेऊन त्यावर उबुंटू घालण्याचा सल्ला दिला. घातलेही मीच, एका रविवारी. मराठी टंकलेखन तत्काळ सुरू झाले. वाय-फाय मात्र बंद आज्ञावली घातल्याखेरीज हलेना. मुलीने काही क्षण वाट पाहिली आणि वडिलांचा मोबाईल तारेने जोडून दिला.