प्लंबर गेल्यावरचे पाणी

कावीळ झालेला रुग्ण समोर बसला की मी हल्ली हॉटेलातल्या खाण्याआधी दुसराच प्रश्न विचारतो, “गेल्या दोन-अडीच महिन्यांत घरी नळाचे काम काढले होते का?” रुग्ण बुचकळ्यात पडतो.

हा प्रश्न मला अंबरनाथच्या एका बैठ्या घराने शिकवला. आधी सासरे पिवळे झाले, चार दिवसांनी सून. ती सात महिन्यांची गरोदर. बाहेरचे कोणी काही खाल्ले नव्हते. तिसऱ्या खेपेला सासूबाई सहज बोलून गेल्या, “डॉक्टर, दीड महिन्यापूर्वी सगळा पाइप नवा टाकला, तरी मेली धार करंगळीएवढीच. शेवटी लाइनीला मोटर लावली.”

दुखणे तिथेच असावे. उल्हास नदीवरच्या बदलापूरच्या बंधाऱ्याचे पाणी असो की बारवी धरणाचे, ते शुद्ध करून सोडतात. पण आपल्याकडे ते चोवीस तास येत नाही. पाणी गेले की नळी रिकामी होते आणि गटाराच्या कडेने गेलेल्या नळीचा एखादा सांधा सैल असला की घाण आत झिरपते. उल्हासनगरच्या गल्ल्यांतून फिरलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. थेट लाइनीवर मोटर लावली की ती पाण्याबरोबर ही घाणही ओढते, स्वतःच्या घरात आणि शेजाऱ्यांच्या नळीतही. दिल्लीत १९५५-५६ साली सांडपाणी पाणीपुरवठ्यात शिरले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती ‘ई’ प्रकारच्या विषाणूची होती, हे फार पुढे कळले. हा विषाणू पोटात गेल्यावर लक्षणे दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात. तोवर प्लंबरचे बिलही आपण विसरलेलो असतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत शंभरातील २० ते २५ स्त्रिया यात दगावू शकतात. ही सून वाचली, बाळही वाचले. पण ते दहा दिवस मला धड झोप नव्हती.

आणि धार बारीक का होती? नळाच्या तोंडाची जाळी काढली, तर आत टेफ्लॉन टेपचे तुकडे आणि पाइप कापल्याचा भुसा! दोन मिनिटांचे काम.

तेव्हा मोटर आणण्याआधी जरा पाहा. एकच नळ मंद असेल तर जाळी तपासा. सगळेच मंद असतील तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला असेल, किंवा गच्चीवरच्या टाकीच्या नळीत हवा अडकली असेल. शेजाऱ्याकडेही तीच रड असेल तर दोष तुमच्या घरात नाही, तक्रार करा.

माझ्या मते नळ धुऊन दिल्याशिवाय प्लंबरचा शेवटचा हप्ता देऊच नये. जाळ्या काढून, पाणी स्वच्छ येईपर्यंत सगळे नळ सोडायला लावा. टाकीचे काम झाले असेल तर हजार लिटरला दीडशे ग्रॅम ताजी टीसीएल पावडर बादलीत कालवून वरची निवळ टाकीत घाला, नळापर्यंत येऊ द्या आणि एक दिवस ठेवून सगळे सोडून द्या. वास जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवा. हे पाणी पिण्याचे नव्हे. लहान मुले असतील तर नळांना फडकी बांधून ठेवा. पुढे काही दिवस उकळलेलेच पाणी प्या, आणि दात घासायलाही तेच घ्या. फिल्टर आहे म्हणून निर्धास्त असलेली मंडळी चूळ मात्र बेसिनच्या नळानेच भरतात.