ऊन कडक, मग वीज कमी का?

मे महिन्यात नागपूर-चंद्रपुरात पारा ४४ अंशांवर गेला की गच्चीवर सौर पॅनेल बसवलेले अनेक जण मोबाइलवर इन्व्हर्टरचे ॲप मोठ्या अपेक्षेने उघडतात. यंत्रणा तीन किलोवॉटची, आभाळ निरभ्र, तरी भर दुपारी आकडा अडीचच्या आसपासच घुटमळतो. जुलैत तर एखाद्या दिवशी दोन-तीन युनिटवर समाधान मानावे लागते. मग ‘विक्रेत्याने फसवले’ हा सूर लागतो. कधी कधी तसे घडतेही. पण बहुतेक वेळा पॅनेल ठीक असते. चुकलेली असते ती आपल्याला सांगितलेली अपेक्षा.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटच्या यंत्रणेला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. उरलेली रक्कम अनेक कुटुंबे कर्ज काढून भरतात आणि हप्ता वीजबिलाच्या बचतीतून जाईल, असे गणित मांडतात. ते गणित एप्रिलच्या उन्हावर मांडले तर पावसाळ्यात बिघडणारच.

पॅनेलला उजेड हवा, उष्णता नको

पॅनेलवर छापलेली क्षमता प्रयोगशाळेतली असते. दर चौरस मीटरला एक हजार वॉट प्रकाश आणि सौरघटाचे तापमान २५ अंश, अशा स्थितीत ती मोजतात. आपल्या गच्चीवर मे महिन्यात प्रकाश त्याच्या जवळपास मिळतो, तापमान मात्र कधीच नाही. हवा ४२ अंशांवर असताना पॅनेल सहज ६५ अंशांपर्यंत तापते. सिलिकॉनच्या पॅनेलची निर्मिती २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते. म्हणजे ४० अंशांच्या फरकाला १२ ते १६ टक्के वीज गेली. तीन किलोवॉटचे अडीच होतात ते असे. यात बिघाड काही नाही.

म्हणूनच स्वच्छ आकाश, बेताची थंडी आणि वारा असलेली फेब्रुवारी-मार्चची दुपार पॅनेलला मेच्या दुपारपेक्षा जास्त मानवते. मेमध्ये दिवस मोठा असल्याने महिन्याची बेरीज वाईट नसते, इतकेच. पॅनेल गच्चीला किंवा पत्र्याला चिकटवून न बसवता खालून हवा खेळती ठेवली, तर ही घट काही अंशी कमी होते. जागा वाचवण्याच्या नादात नेमके हेच विसरले जाते.

सावली: लहान दिसते, महागात पडते

ढगांवर कोणाचा इलाज नाही, सावलीवर आहे. पॅनेलमधले घट एकापुढे एक माळेसारखे जोडलेले असतात. एका घटावर सावली पडली की त्याच्याबरोबरच्या साऱ्या माळेचा प्रवाह अडतो. बायपास डायोडमुळे नुकसान पॅनेलच्या एका भागापुरते राहते खरे, पण पाण्याच्या टाकीची हातभर सावली पॅनेलचा एक तृतीयांश भाग गप्प करू शकते.

गंमत अशी, की ही सावली पाहणीच्या दिवशी दिसतेच असे नाही. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यास आणि जुलैअखेरीस ‘शून्य सावली दिवस’ येतो. त्या सुमारास दुपारी टाकीची सावली टाकीच्याच पायाशी असते. डिसेंबरात तोच सूर्य मुंबईत दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर चढतो. दहा फूट उंच टाकी उत्तरेकडे नऊ फुटांची सावली टाकते आणि सकाळी नऊला ती याहून कितीतरी लांब असते. उन्हाळ्यात मोजमाप करून गेलेल्या माणसाला हे माहीत असायला हवे. दक्षिणेकडे शेजारची उंच इमारत असेल, तर त्याने हिवाळ्यातल्या सावलीचे उत्तर दिल्याशिवाय सही करू नये.

धुळीचे गणित त्या मानाने सोपे. पहिला चांगला पाऊस फुकट धुऊन देतो; त्याआधी आपणच धुवावे, तेही सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये. बोअरचे क्षारयुक्त पाणी वाळू दिले तर पांढरे डाग राहतात, ते धुळीपेक्षा चिवट.

मग जुलैच्या बिलाचे काय?

महाराष्ट्रात एक किलोवॉटमागे वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चार युनिट हा ढोबळ हिशेब धरतात. सरासरी या शब्दाकडे मात्र फार कमी जण लक्ष देतात. दाट ढगांच्या दिवशी निर्मिती निरभ्र दिवसाच्या पाव हिश्शावर किंवा त्याहून खाली येते. कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टचा आकडा उन्हाळ्याच्या निम्म्यावर येऊ शकतो; सोलापूरसारख्या कमी पावसाच्या भागात घट सौम्य असते. वळवाच्या वादळात वीज गेली तर बॅटरी नसलेली यंत्रणा ऊन असूनही बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना धक्का बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते, पण हे आधी सांगितले न गेल्याने अनेकांचा विरस होतो.

नेट मीटरिंगमध्ये जास्तीचे युनिट पुढच्या बिलात वळते होतात आणि हिशेब आर्थिक वर्षाच्या अखेरीस मिटतो. त्यामुळे एका महिन्याच्या बिलावरून यंत्रणेला पास-नापास ठरवणे चूक. तुलना करायची तर मागच्या जुलैची या जुलैशी करावी. तीही खूप घसरली असेल, तर वायरिंग, सावली आणि इन्व्हर्टर तपासून घ्यावा. स्थिर आकार तर द्यावाच लागतो, त्यामुळे ‘शून्य बिल’ ही जाहिरात शब्दशः घेण्यासारखी नाही.

विक्रेत्यांनी दरपत्रकात वर्षाच्या एका आकड्याऐवजी बारा महिन्यांचे बारा अंदाज द्यावेत आणि अनुदानाच्या कागदपत्रांत शासनाने ते बंधनकारक करावेत. त्यासाठी वेगळा खर्च नाही. जागतिक बँकेच्या ‘ग्लोबल सोलर ॲटलास’वर आपल्या गावाचा महिनावार अंदाज मोबाइलवर फुकट पाहता येतो. दरपत्रकातला आकडा त्याहून फारच गुबगुबीत दिसला, तर कारण विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.