नाव काय म्हणालात?

बंगळुरूतल्या त्या घरमालकांशी मी फोनवर चांगली दहा मिनिटं मराठीत बोललो. ते मूळचे बेळगावचे, मी सोलापूरचा. परमुलखात आपली भाषा बोलणारं माणूस भेटलं म्हणून तेही खूश, मीही खूश. शेंगाची चटणी झाली, गड्ड्याची जत्रा झाली. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, शनिवारी किल्ली न्यायला या म्हणाले. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, “आणि नाव काय म्हणालात?” मी सांगितलं. पलीकडे शांतता. मग, “अहो, घरी विचारून कळवतो.” या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली. ते अजून घरी विचारतच असावेत.

कंपनीने पुण्याहून बदली केली तेव्हा पंधरा दिवस गेस्ट हाऊस दिलं होतं. तेवढ्यात बायको आणि चार वर्षांच्या मुलीसाठी घर शोधायचं होतं. सतरा घरांशी बोलणं झालं. अकरा ठिकाणी नाव सांगेपर्यंत सगळं ठीक होतं. नंतर कुणाचा भाऊ परदेशातून येणार होता, कुणाचं घर ‘आत्ताच गेलं’ होतं. एकाने ‘फक्त शाकाहारी’ म्हटलं. आम्ही म्हणालो, घरात मांस शिजवणार नाही, लिहून देतो. तो म्हणाला, “तसं नाही हो.” म्हणजे कसं, ते त्याने सांगितलं नाही.

आमच्या कामात दोष कुठे आहे हे कळत नसेल तर बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलून पाहतात. मी तेच केलं. एका हिंदू सहकाऱ्याला त्या ‘गेलेल्या’ घरासाठी फोन करायला लावला. घर रिकामं होतं. कधी येता, अशी विचारणाही झाली.

यावर हमखास उत्तर मिळतं: एवढं काय मनावर घेता, दुसरं घर बघा. पण आपल्या देशात घर म्हणजे नुसतं छप्पर नाही. हाती भाडेकरार नसेल तर आधारवरचा पत्ता बदलणं अवघड जातं. पत्त्याचा पुरावा नसेल तर गॅसचं कनेक्शन अडतं, मुलीच्या शाळेचा अर्ज अडतो. मतदार यादीत नाव हलवायला फॉर्म ८ भरायचा, त्यालाही नवा पत्ता लागतो. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे नव्याने नोंदणी करावी लागते, तिथेही पत्ता. सरकारची प्रत्येक खिडकी विचारते, “राहता कुठे?” पण कुणी राहू देतं का, हे एकही खिडकी विचारत नाही. नव्या राज्यातल्या माझ्या नागरिकत्वाची किल्ली सरकारने घरमालकाच्या खिशात ठेवली आहे आणि त्याने ती कुणाला द्यावी याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही.

त्यातही करार अकरा महिन्यांचा. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून ही पळवाट देशभर रूढ झाली. त्याचा अर्थ असा की ज्याला एकदा नकार मिळाला, त्याच्या डोक्यावर तीच टांगती तलवार दर अकरा महिन्यांनी.

राज्यघटनेचं कलम १९ मला भारतात कुठेही जाण्याचा, कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क देतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात सांगितलं की भारतात अधिवास एकच, भारताचा. कागदावर मी सोलापुरात जेवढा घरचा, तेवढाच बंगळुरूत. पण कलम १९ मुख्यतः सरकारला बांधतं. कलम १५ दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांची नावं घेऊन तिथे धर्म-जातीवरून मज्जाव करू नका म्हणतं. भाड्याच्या घराचं नाव घेत नाही. २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की खाऊनपिऊन सुखी मुसलमानांनाही चांगल्या वस्तीत घर मिळणं कठीण जातं. आणि २०२१ साली केंद्राने आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावं हे आलं, पण धर्म किंवा जात पाहून घर नाकारू नये, हे एक वाक्य आलं नाही. अमेरिकेने असा कायदा १९६८ साली केला.

“घर माझं, मर्जी माझी” हा मुद्दा मला समजतो. कुणाला जेवायला बोलवायचं, कुणाशी सोयरीक करायची, ही ज्याची त्याची मर्जी. पण दुकानही कुणाच्या तरी मालकीचंच असतं. ते गिऱ्हाइकासाठी उघडलं की “तुला नाही” म्हणण्याची मर्जी घटनेने काढून घेतली. जाहिरात देऊन, दलाल नेमून, भाड्याचा दर लावून जे घर बाजारात ठेवलं, ते त्या अर्थाने दुकानच. भाडं थकवेल का, घर खराब करेल का, हे जरूर तपासा. पगाराची पावती मागा, आधीच्या मालकाला फोन करा. माझं नाव या दोन्हींपैकी कशाचाही पुरावा नाही.

“अविवाहित मुलांनाही देत नाहीत, तुम्हालाच काय ते वाईट वाटतं” असंही ऐकवतात. अविवाहित मुलाचं उद्या लग्न होतं. माझं नाव मरेपर्यंत तेच राहणार आहे.

“तुमच्या लोकांच्या वस्तीत का जात नाही?” हा सल्ला सगळ्यात वाईट, कारण तो आपुलकीने दिला जातो. आधी सगळी दारं लावून घ्यायची, माणसं एका गल्लीत कोंबायची आणि मग म्हणायचं, हे लोक आपल्यात मिसळतच नाहीत.

तरी मी त्या वस्तीतही गेलो. नाव सांगताच मालक प्रसन्न झाले. मग प्रश्न सुरू झाले: कोणत्या जमातीचे? कोणत्या मशिदीत जाता? बायको बुरखा घेत नाही का? आमचं लातूरकडचं एक सहकारी कुटुंब त्याच इमारतीत घर पाहायला गेलं, तर आडनावावरून जात शोधली गेली आणि घर ‘आत्ताच गेलं’. शब्दसुद्धा तेच.

१९१७ साली परदेशात शिकून आलेले डॉ. आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला गेले, तेव्हा कुणीही त्यांना घर देईना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावं लागलं, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. हा प्रसंग आपल्या सभांमधून पुष्कळदा सांगितला जातो. पण बाबासाहेबांनी त्याच आठवणींमध्ये १९३४ सालचा दौलताबादचा प्रसंगही लिहून ठेवला आहे. किल्ल्याबाहेरच्या हौदावर हातपाय धुतले म्हणून, हौद बाटवला म्हणून, त्यांच्यावर धावून आले ते मुसलमान होते. तो प्रसंग आपण सांगत नाही. बडोदा सांगायचं असेल तर दौलताबादही सांगावं लागेल. नाहीतर आपली तक्रार अन्यायाची राहत नाही, फक्त आपली पाळी आल्याची राहते.

म्हणून माझी मागणी मुसलमानांसाठी वेगळ्या सवलतीची नाही. राज्यं भाडेकरू कायदे नव्याने करत आहेत. त्यात धर्म, जात, भाषा, आहार किंवा एकटी बाई असण्यावरून घर नाकारणं बेकायदा ठरवणारं कलम घाला. दलाल आणि जाहिराती यांनाही ते लागू करा. बदली करणाऱ्या कंपन्यांनी पंधरा दिवसांच्या खोलीवर भागवू नये, करार स्वतःच्या नावाने करून द्यावा. आणि गृहनिर्माण संस्थांमध्ये आपल्यापैकी जे कमिटीवर आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीत हा विषय लेखी मांडावा.

आम्हाला घर मिळालं, ते चौदाव्या दिवशी. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका, कन्नडभाषक. पाण्याची मोटर कधी लावायची आणि कचरा कुठे ठेवायचा, एवढंच त्यांनी सांगितलं. लोक म्हणतात, बघा, चांगली माणसं असतात. असतात. पण माझ्या मुलीची शाळा, माझं मत आणि माझा पत्ता चांगलं माणूस भेटण्यावर अवलंबून असेल, तर त्याला हक्क म्हणत नाहीत, नशीब म्हणतात.

वाचकांपैकी कुणाचं घर भाड्याने द्यायचं असेल, तर एवढंच करा. फोन आला की माणसं किती, कधीपासून हवं, भाडं परवडेल का, हे विचारा. नाव करारावर लिहायची वेळ येईल तेव्हा विचारा.